आईची मजुरी

परवा भाच्याचा फोन आला. बारावी सायन्स झाली, सीईटी झाली, आता फॉर्ममध्ये कुठे काय भरायचं याचा घोळ घरात चाललाय. "आत्या, मला सायन्सपण करायचंय आणि बिझनेसपण. तू केलंस तेच टाकू का पहिल्या नंबरला?"

मी एकदम काही बोलले नाही. त्याला वाटलं रेंज गेली. "हॅलो आत्या, हॅलो?"

रेंज होती. पण हा प्रश्न दादाच्या मुलाने मला विचारावा याची जरा गंमत वाटली आणि जरा धस्सही झालं. का, ते पुढे येईलच. त्याला म्हटलं, रविवारपर्यंत सांगते. आणि मग कपाटावरची ट्रंक काढून माझी जुनी फुलस्केप वही शोधत बसले. तर हे सगळं त्या वहीमुळे.

आधी पदवीबद्दल सांगते, कारण आमच्या नातेवाइकांना ती अजून नीट कळलेली नाही. कृषी व्यवसाय व्यवस्थापन. आधी तिला बी.बी.एम. (ॲग्री) म्हणायचे, मग बी.एस्सी. (ए.बी.एम.) म्हणायला लागले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयांतून ती शिकवली जायची. चार वर्षं, आठ सेमिस्टर. सकाळी मृदाशास्त्र, कीटकशास्त्र, पीक उत्पादन. दुपारी अकाउंट्स, मार्केटिंग, व्यवस्थापन. सकाळी बुटाला चिखल आणि दुपारी वहीत डेबिट-क्रेडिट. माझी मावशी लग्नाकार्यात माझी ओळख करून द्यायची ती अशी : "ही आमची अर्धी शेतकीण, अर्धी कॉमर्सवाली." यातलं अर्धं अर्धं मला तेव्हा फार लागायचं. खरं सांगायचं तर ते अगदी खोटंही नव्हतं. दोन्ही अर्धी शेजारी शेजारी बसायची, एकमेकांशी बोलत नसायची. ती बोलायला लागली ती आमच्या दोन एकर उसात. पण ते नंतर.

या दोन विद्या आपल्याकडे आल्याच मुळी वेगवेगळ्या दारांनी. शेतीचं शास्त्र आलं विज्ञानाच्या दाराने. १८७९ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शेतीचा वर्ग निघाला (तेच कॉलेज पुढे इंजिनिअरिंगचं म्हणून नावाजलं) आणि त्यातून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्याचं स्वतंत्र कृषी महाविद्यालय उभं राहिलं. वाणिज्य आलं मुंबईच्या पेढ्या-गोद्यांच्या दाराने. सिडनहॅम कॉलेज १९१३ चं. एकाचा विद्यार्थी मातीची परीक्षा करणारा, दुसऱ्याचा खतावणी लिहिणारा. मधे शेतकरी. त्याचं पीक शास्त्रज्ञ बघणार, त्याचा हिशेब सावकार बघणार.

हे दोन्ही एका वहीत आणायचा पहिला मोठा प्रयत्न आपल्या भागात केला तो एका रसायनशास्त्रज्ञाने, ही मला आवडणारी गोष्ट आहे. हॅरॉल्ड मान हे मूळचे रसायनशास्त्राचे, आसामात चहावर काम केलेले. १९०७ मध्ये ते पुण्याला आले आणि कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. माती आणि खतं तपासता तपासता त्यांच्या लक्षात आलं असावं की नुसती माती तपासून शेतकऱ्याचं दुखणं कळत नाही. त्यांनी पुण्याजवळचं एक गाव घेतलं, पिंपळे सौदागर. हो, तेच, जिथे आज आपल्या निम्म्या नातेवाइकांचे फ्लॅट आहेत! घरोघर जाऊन जमीन, पीक, कर्ज, मजुरी, सगळं लिहून काढलं. १९१७ मध्ये त्याचं पुस्तक निघालं. त्यातला एक आकडा अजून लोक सांगतात : १७७१ मध्ये त्या गावात सरासरी धारणा होती ४० एकर, आणि १९१४-१५ मध्ये ७ एकर. पुढे ना. वि. कानिटकरांना बरोबर घेऊन त्यांनी जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाचाही असाच अभ्यास केला, तो १९२१ मध्ये आला.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. (२०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. मी जुन्या काळाबद्दल लिहिताना सवयीने नगर म्हणणार, सांभाळून घ्या.)

आमचं गाव प्रवरेच्या कालव्यावर. भंडारदऱ्याचं धरण अकोले तालुक्यात, काम सुरू झालं १९१० मध्ये आणि पुरं झालं १९२६ मध्ये. गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्यावरून विल्सन डॅम. तिथून पाणी नदीने ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि मग डाव्या-उजव्या कालव्यांनी खाली. दख्खनचे हे कालवे दुष्काळापासून संरक्षण म्हणून खणलेले. त्यामुळे सरकारच्या वहीत ते कायम तोट्याचे. बांधायला एवढा पैसा घातला, पाणीपट्टी येते एवढीशी, त्यात व्याजसुद्धा सुटत नाही, असं रडगाणं.

या रडगाण्याचा हिशेब तपासायला जो माणूस बसला तो म्हणजे धनंजयराव गाडगीळ. केंब्रिजला शिकलेले, १९३० पासून पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे संचालक. वाई तालुक्यातल्या शेती-व्यवसायाची पाहणी त्यांच्या संस्थेने आधी केली होती, ती १९४० मध्ये छापली गेली. मग गोदावरी आणि प्रवरा कालव्यांची पाहणी झाली. १९४८ मध्ये तिचा अहवाल आला. त्याचं नावच असं होतं की या कालव्यांचे प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष फायदे. म्हणजे प्रश्न पाणीपट्टी किती आली एवढाच नव्हता. कालवा आल्यामुळे जो जास्तीचा माल पिकला, जे जास्तीचे दिवस मजुराला काम मिळालं, जो माल गाड्यांतून गेला, जो व्यापार वाढला, ते कुठल्या रकान्यात लिहायचं? सरकारच्या वहीत त्याला रकानाच नव्हता. रकाना नाही म्हणून फायदा नाही, आणि फायदा नाही म्हणून कालवा तोट्यात.

हे वाक्य वाचकहो जरा लक्षात ठेवा. आमच्या घरी पुढे हेच झालं.

त्याच सुमारास कालव्याच्या बागायतदारांची गत काय होती तर ऊस पिकतोय, गूळ होतोय, पण गुळाचा भाव व्यापाऱ्याच्या हातात. हरेगावला खाजगी साखर कारखाना आधीपासून होता, आणि १९३२ मध्ये साखरेला जकातीचं संरक्षण मिळाल्यावर आणखी निघाले होते, टिळकनगरला. पण ते मालक-कंपन्यांचे. १९४५ मध्ये बेलापूरला (म्हणजे आजच्या श्रीरामपूरला) बागायतदारांची परिषद भरली, तिचे अध्यक्ष होते गाडगीळ. तिथून सहकारी कारखान्याची कल्पना पक्की होत गेली. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरून भाग गोळा करत होते. शाळा जेमतेम झालेले, पण हिशेबाला पक्के. मुंबई राज्याचे मंत्री वैकुंठभाई मेहता पाठीशी उभे राहिले. १९५०-५१ चा पहिला गळीत हंगाम झाला, आणि पहिली दहा वर्षं अध्यक्ष कोण? तर पुण्याचे प्रोफेसर गाडगीळ. विठ्ठलराव उपाध्यक्ष! विठ्ठलरावांना पद्मश्री मिळाली १९६१ मध्ये. त्याच वर्षी पंडित नेहरू प्रवरानगरला येऊन गेले. १९६४ मध्ये प्रवरा पब्लिक स्कूल निघालं, आणि मग कॉलेजं येतच गेली.

मला या कारखान्याच्या गोष्टीत पुढाऱ्यांपेक्षा जास्त आवडतात त्या आवारातल्या दोन खोल्या. एक काट्याची, एक लॅबची. काट्यावर उसाचं वजन होतं, ती शेतकऱ्याची भाषा : टनेज. लॅबमध्ये उताऱ्याची परीक्षा होते, शंभर किलो उसातून साखर किती, ती कारखान्याची भाषा. भाव ठरतो तो दोन्ही मिळून. केंद्राचा ऊसदर, ज्याला २००९ पासून एफ.आर.पी. म्हणतात, तो उताऱ्याला बांधलेला आहे. म्हणजे रसायनशास्त्राचा एक दशांश शेतकऱ्याच्या बिलात पैसे होऊन येतो. आमच्या वर्गात सरांनी हे समजावताना पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राचं उदाहरण दिलं होतं. १९३२ पासूनचं केंद्र, आता राहुरी विद्यापीठाकडे. २००७ च्या सुमाराला तिथला फुले २६५ हा वाण आला. टनेज दणदणीत, खोडवाही छान. आमचे आण्णा तर त्याच्या प्रेमातच पडले. पण कारखान्यांचा जीव होता को ८६०३२ मध्ये, कारण त्यात साखर लवकर आणि चांगली. २६५ ची नोंद घ्यायला सुरुवातीला काही ठिकाणी कुरकुर व्हायची. चिटबॉय येऊन म्हणायचा, "आण्णा, पुढच्या टायमाला ८६ च लावा." टनेज आपलं आणि साखर त्यांची. जात कोणती लावायची हा शास्त्राचा प्रश्न वाटतो, पण तो अर्धा धंद्याचा आहे. हे मला कळलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की मावशी म्हणते ती दोन अर्धी जोडून एक होऊ शकतं.

आता वहीकडे येते.

शेवटच्या वर्षी आम्हाला प्रोजेक्ट होता : एका पिकाचा उत्पादन खर्च. बाकीच्यांनी डाळिंब, कांदा, गायी असं काय काय घेतलं. मी आमचाच दोन एकर पूर्वहंगामी ऊस घेतला. लागण ऑक्टोबर २०१० ची, तोड जानेवारी २०१२ ची. मी होस्टेलला होते. दर शनिवारी घरी गेले की आठवडाभराची कामं विचारून लिहायची. आण्णांनी किती रात्री पाणी धरलं (लोडशेडिंगमुळे वीज रात्रीचीच), आईने किती दिवस खुरपलं, बेणं तोडलं, खत टाकलं, पाचट काढलं. आईला आधी हसू यायचं. "आता कामाचीपण हजेरी का गं?" मग सवय झाली. मी दारात दिसले की भाकरी थापता थापता ती आपणहून सांगायची, "सोमवार, मंगळवार, आणि गुरुवारी अर्धा दिवस, पाहुणे आले म्हणून."

ऊस गेला. दोन एकरांत ९० टन. बिल आलं १,६२,००० रुपये. रोख खर्च, म्हणजे नांगरट, बेणं, खतं, औषधं, बाहेरची मजुरी, वीज, पाणीपट्टी, सोसायटीचं व्याज, औजारांची झीज, सगळा मिळून ७८,०००. राहिले ८४,०००. आण्णा खूश. पंधरा महिन्यांनी का होईना, ८४,००० हातात.

पण प्रोजेक्ट इथे संपत नव्हता. पुस्तकात पुढचे रकाने होते. स्वतःच्या जमिनीचा खंड धरा : दोन एकर, पंधरा महिने, गावातल्या दराने ४६,०००. स्वतःच्या भांडवलावरचं व्याज : ६,०००. आणि घरची मजुरी. आण्णांचे ११० दिवस, २०० रुपयांनी २२,०००. इथवर बेरीज केली तर अजून १०,००० शिल्लक होते. मग आईचे १३० दिवस. १०० रुपयांनी १३,०००.

तोटा ३,०००.

मी तीनदा बेरीज केली. आई धरली नाही तर दहा हजार नफा, आई धरली की तीन हजार तोटा.

त्या रविवारी मी घरी हे वाचून दाखवलं. आज वाटतं, वाचून दाखवायची काय गरज होती? पण विशीतलं शहाणपण, दाखवल्याशिवाय राहवतंय कुठलं. आण्णा ऐकत होते. आई चुलीशी. ती म्हणाली, "शंभर कुणी सांगितलं तुला? खुरपायला आलेल्या बायांना आपण एकशेवीस दिलेत. मी काय त्यांच्यापेक्षा कमी खुरपते?"

"मग तोटा वाढेल की आई."

"वाढू दे. खरं ते लिही."

मी खोडून १२० केले. तोटा ५,६०० झाला. वहीत ती खाडाखोड अजून तशीच आहे.

आण्णा एवढंच म्हणाले, "म्हणजे पंधरा महिने मी तोट्यात राबलो म्हण." आणि उठून गोठ्याकडे गेले. दोन दिवस ते माझ्याशी नीट बोलले नाहीत.

आणि दादा. दादा दाराला टेकून उभा होता, तो काहीच बोलला नाही. रात्री त्याने माझ्याकडे वही मागितली. त्याने नेमका खंडाचा रकाना वाचला. हात न लावता जमीन खंडाने दिली तर ४६,०००, आणि दोघांनी रात्रंदिवस राबून ८४,०००. बाकी त्याने स्वतःच केली. त्या दिवाळीच्या आत तो चाकणला एका कंपनीत लागला. जमीन निम्मी वाट्याने गेली, निम्मी आण्णा आणि आईने ओढत ओढत केली. दादाने मला कधी दोष दिला नाही, उलट पहिल्या पगाराची साडी पाठवली. पण माझ्या मनात ती वही राहिली. मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते त्या प्रोजेक्टला.

खूप वर्षं मला वाटायचं, मी जे लिहिलं ते खरंच होतं, त्यात माझी काय चूक? मग नोकरीत (मी एका शेतकरी उत्पादक कंपनीचे हिशेब बघते) या उत्पादन खर्चाच्या रकान्यांशी रोज गाठ पडायला लागली, आणि हे रकाने आले कुठून ते शोधताना कळलं की त्यांच्या मुळाशी आपलाच जिल्हा आहे.

स्वातंत्र्यानंतर सरकारला कळेना की देशात शेती परवडते की नाही. म्हणून १९५४ ते १९५७ या तीन वर्षांत सहा राज्यांतल्या निवडक जिल्ह्यांत शेती व्यवस्थापनाच्या मोठ्या पाहण्या झाल्या. त्या वेळच्या मुंबई राज्यातून दोन जिल्हे निवडले गेले : नाशिक आणि अहमदनगर. त्यात हिशेब घ्यायच्या दोन पद्धती ताडून पाहिल्या. एकीत अधूनमधून जाऊन शेतकऱ्याला विचारायचं. दुसरीत माणूस गावातच राहणार आणि वर्षभर रोजच्या रोज लिहिणार, कुणी किती तास काय केलं. मी शनिवारी शनिवारी आईला विचारत होते ती म्हणजे या दोन्हींच्या मधली कुठलीतरी गावठी पद्धत झाली! खर्चाला ए, बी, सी अशी नावं देण्याची रीत या पाहण्यांतूनच रुळली. ए म्हणजे खिशातून गेलेला खर्च, आणि पुढे पुढे जमीन, भांडवल, घरचे श्रम धरत सी पर्यंत.

या आकड्यांनी अर्थशास्त्रात मोठी खळबळ उडवली. १९६२ मध्ये अमर्त्य सेन यांनी मुंबईहून निघणाऱ्या इकॉनॉमिक वीकलीत एक छोटा लेख लिहिला. या पाहण्यांतून त्यांनी दाखवलं की घरच्या माणसांच्या श्रमाला बाजारातली मजुरी लावली की भारतातली बरीचशी शेती तोट्यात दिसते. मग तोट्यात असून माणसं शेती करतात कशी? येडी आहेत का? सेन यांचं म्हणणं होतं की माणसात खोट नाही, लावलेल्या भावात आहे. घरच्या माणसाला बाजारात तेवढे दिवस, त्या दराने काम मिळणार असेल तरच तो दर लावण्यात अर्थ. नाहीतर तो तोटा फक्त कागदावरचा. लहान शेतकरी एकरी जास्त पिकवतो तेही याचमुळे, तो घरचे हात मोजत न बसता ओततो.

हे वाचलं त्या दिवशी मी ऑफिसात बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले होते. आमच्या गावात २०११ साली आईला १३० दिवस, रोज १२० ने, आपल्या शेताव्यतिरिक्त काम मिळालं असतं का? खुरपणीचे दिवस सगळ्यांचे एकदमच येतात. फार तर साठ दिवस मिळालं असतं. म्हणजे तोटा वहीत होता. घरात खरोखर ८४,००० आले होते आणि त्यातून माझी फी गेली होती. दादाने जो तोटा वाचून गाव सोडलं, तो तसा तोटा नव्हता.

पण मग १२० लिहिणं चूक होतं का? तसंही मला म्हणवत नाही. आईने स्वतः तो आकडा वाढवून घेतला होता. शून्य लिहिलं तर तिचे १३० दिवस कुठेच नाहीत. बाजारभाव लिहिला तर घर तोट्यात. गाडगीळांच्या कालव्याचंच बघा ना. एक रकाना नव्हता म्हणून सगळा कालवा तोट्यात दिसत होता. आमच्याकडे रकाना होता, आकडाही खरा होता, पण त्याचा अर्थ काय काढायचा हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मी दादाला ते सांगू शकले नाही. तोटा म्हणजे 'बंद करा' असं त्याने वाचलं. खरं तर त्याचं वाचन असं व्हायला हवं होतं, की या उसाच्या भावात आईची मजुरी बसत नाही, भाव कमी आहे.

हा काही फक्त आमच्या घरचा प्रश्न नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. महाराष्ट्रातल्या पिकांच्या खर्चाचे आकडे गोळा करायचं काम राहुरीचं विद्यापीठ करतं. ते दिल्लीला कृषी मूल्य आयोगाकडे जातात. २००४ ते २००६ मध्ये स्वामिनाथन आयोगाने म्हटलं, खर्चाच्या वर पन्नास टक्के द्या. आणि मग भांडण लागलं : कुठल्या खर्चाच्या वर? २०१८ च्या अर्थसंकल्पानंतर सरकारने धरला तो रोख खर्च अधिक घरची मजुरी. शेतकरी संघटना म्हणतात जमिनीचा खंड आणि भांडवलाचं व्याजही धरा, म्हणजे सी-टू. आमच्या वहीवर करून बघितलं (उसाला हमीभाव नसून एफ.आर.पी. असते, तरी गंमत म्हणून). पहिल्या पद्धतीने दोन एकराला मिळायला हवे होते १,७३,४००. दुसरीने २,५१,४००. फरक ७८,००० चा. मिळाले होते १,६२,०००. म्हणजे कमी मागणाऱ्या हिशेबानेसुद्धा आण्णांचा भाव अपुराच होता.

१ जून २०१७ ला आपल्याच राहाता तालुक्यातल्या पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. दूध, भाजीपाला शहराकडे जायचा बंद. कर्जमाफीबरोबर स्वामिनाथनची मागणी होतीच. टीव्हीवर लोक विचारत होते, हे सी-टू काय असतं? आई टीव्ही बघत होती. मी म्हटलं, "आई, त्यात तुझी मजुरी असते." ती म्हणाली, "मग बरोबर मागतायत."

असो. फार लांबलं.

रविवारी भाच्याला फोन केला. त्याला सांगितलं, आता तर २०२४-२५ पासून नव्या धोरणात सगळीकडेच मेजर-मायनर आलंय. सायन्स घेऊन कॉमर्सचा मायनर घेता येतो, त्यामुळे पदवीच्या नावाला अडून बसू नकोस. जिथे दोन्ही शिकवतात तिथे जा. मात्र दोन्ही शिकवतात म्हणजे जोडून देतात असं नाही, जोडायचं काम तुझ्यावरच येतं. आणि हिशेब आला की त्याच्याखाली हेही लिही की यातला कुठला आकडा हातात आलेला, कुठला धरलेला. माझ्याकडून तेवढं राहिलं होतं.

"बाबा म्हणतात शेतीत काही नाही," तो म्हणाला.

"बाबांना माझ्या वहीने तसं सांगितलं होतं," मी म्हटलं. "तू स्वतः एकदा लिहून बघ. आता सुट्टीच आहे, जा गावाला आठ दिवस."

तो गेलाय. निम्मी जमीन अजून आण्णाच बघतात, गुडघ्याने जमेल तसं. आई आता खुरपायला जात नाही, बांधावर बसून बायांवर लक्ष ठेवते. काल रात्री भाच्याने व्हॉट्सॲपवर वहीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला. वर तारीख, खाली रकाने आखलेले, अक्षर अगदी दादासारखं. आणि खाली मेसेज : "आत्या, आजीला विचारलं बायांचा रोज काय धरू. ती म्हणाली तीनशे धर, आणि दुपारी दोनला सुटतात तेपण लिही."